चालता-फिरता माणूस

मी तोंडाची फटकळ. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, हेच सांगतील. लग्न होऊन ह्या पेठेत आले तेव्हा सासूनं आठ दिवसांत निकाल देऊन टाकला होता, "पोरगी कामाची हाय, पर तोंड लई हाय हिला." आमच्या मालकांनी ते ऐकून नुसतं हसून म्हशीच्या पाठीवर थाप मारली. त्यांचं बोलणं असायचं ते म्हशींशी. माणसांशी बोलायचं खातं त्यांनी पहिल्या दिवसापासून माझ्याकडं दिलेलं. भांडायचं, समजवायचं, कचेरीत जायचं, सगळं मी. आणि ऐन वेळेला तेच माझ्याकडनं नीट झालं नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून सांगते.

आमचं गवळ्याचं घर. मागं गोठा, गोठ्यात सहा म्हशी. सकाळ-संध्याकाळ हे म्हशी घेऊन चौकातल्या दुधाच्या कट्ट्यावर जायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून ग्लास हातात द्यायचे. तालमीतनं घाम पुसत आलेली पोरं, फिरायला निघालेली म्हातारी माणसं, सगळी तिथं उभ्या उभ्या फेसाचं दूध पिऊन मिशा पुसत घरी जायची. मी घरात शिलाई मशीन चालवायची. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. मुलगी एकच, ती लग्न होऊन आजऱ्याला गेली. बरं चाललं होतं हो आमचं.

एका सकाळी शेजारीण पळत आली. "काकी, काका पडलं कट्ट्यावर." मशीनवरनं मान वर न करता मी म्हणाले, "दुधासकट पडलं का नुसतंच?" मला वाटलं, शेणावरनं पाय घसरला असेल, ते काय आमच्यात नवीन नाही. जाऊन बघते तर बादली आडवी, दूध फरशीवर पसरलेलं, आणि हे त्या दुधात एका कुशीवर. डोळे उघडे होते. माझ्याकडं बघत होते आणि तोंडातनं शब्द फुटत नव्हता. मी जे बोलले ते त्यांनी ऐकलं नव्हतं, हे मला माहीत आहे. तरी ते वाक्य आठवलं की अजून माझी मला लाज वाटते.

लकव्यानं उजवी बाजू गेली. हात लोंबकळायला लागला, पाय ओढायला लागला, आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, डोक्यातल्या बोलायच्या जागेलाच धक्का बसलाय, त्यांना कळेल सगळं, पण शब्द सापडणार नाहीत. शेवटी तोंडात दोनच गोष्टी राहिल्या. एक "व्हय", आणि दुसरी म्हशीला मारायची ती लांब हाक, "हुर्र्यो हो." बाकी सगळं पुसलं गेलं. माझी हाकसुद्धा. तीस वर्षं "अगं ए" म्हणून हाक मारली त्यांनी, तीसुद्धा गेली. जेवलासा का म्हटलं तरी व्हय, उपाशी हायसा का म्हटलं तरी व्हय. त्यांच्या डोळ्याकडं बघून कुठला व्हय खरा आणि कुठला खोटा ते मला ओळखता यायला लागलं. दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं.

दवाखान्याच्या पायी एकेक करत पाच म्हशी गेल्या. सहावीला मी हात लावू दिला नाही. तिची आई तिला जन्म देऊन मेली होती, आणि ह्यांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. रेडकू होती तेव्हा ती ह्यांच्या मागं मागं स्वयंपाकघरापर्यंत यायची, आणि मी लाटणं घेऊन दोघांनाही बाहेर काढायची.

घरी आल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालवा, नाहीतर पाय कायमचा जाईल. काठी दिली तर ह्यांनी ती मोरीत फेकली. लोखंडी वॉकर आणला, त्याच्याकडं बघायलाही तयार नाहीत. तालमीत अंग कमावलेला माणूस, त्याला ते धरून गल्लीतनं जायचं म्हणजे मरणच. शेवटी त्या वॉकरवर मी परकर वाळत घालायला लागले. मी भांडले, रडले, शपथा घातल्या. हे गोठ्याच्या दारात बाजेवर बसून म्हशीकडं बघत राहायचे.

मग एक दिवस संध्याकाळी मी म्हशीला पाणी पाजायला सोडली. ती हौदाकडं जायची सोडून बाजेपाशी जाऊन थांबली आणि मान खाली घातली. ह्यांनी डावा हात तिच्या मानेवर टाकला, दावं मुठीत धरलं. म्हशीनं मान हळूहळू वर उचलली आणि तिच्याबरोबर हेही वर आले. उभे! मी कळशी टाकून पळाले धरायला, पण धरायची गरजच पडली नाही. तिनं एक पाऊल टाकलं आणि थांबली. ह्यांनी डावा पाय टाकला, मागनं उजवा ओढून आणला. मग तिनं दुसरं पाऊल टाकलं. कोण शिकवणार हो तिला? हौदापर्यंतचं अंतर काटायला दोघांना बराच वेळ लागला आणि मी सगळा वेळ पदर तोंडात धरून उभी.

त्या दिवसापासून तोच नेम झाला. सकाळी धार काढून झाली की मी तिला सोडायची, ती बाजेपाशी जाऊन मान खाली घालायची, हे उठायचे आणि दोघं गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन यायचे. रिक्षावाले थांबायचे. एखादा परगावचा हॉर्न वाजवायला लागला तर कुणीतरी ओरडायचंच, "पावणं, थांबा की जरा! मालक चाललेत!" म्हशीला सोडून मात्र ह्यांना दोन पावलंसुद्धा टाकता यायची नाहीत. तिच्याशिवाय उभे राहायला गेले की उजवीकडं कलायचे.

गोळ्या मात्र रोजच्या होत्या. एक रक्त पातळ करायची, एक रक्तदाबाची, आणखी दोन. एका म्हशीच्या दुधात आणि माझ्या मशीनवर ते भागत नव्हतं. एकदा मी आत आले तर हे गोळी दाताखाली धरून अर्धी करत होते. अर्धी गिळली आणि उरलेली अर्धी उशीखाली ठेवली, पुढं लागेल म्हणून. बोलता येत नव्हतं, पण घरात काय चाललंय ते सगळं त्यांना कळत होतं. मी उशी उचलली तर खाली तसले सात-आठ तुकडे. मी इतकी ओरडले त्यांच्यावर, इतकी ओरडले, की शेजारची भिंतीवर थापा मारायला लागली. दुसऱ्या दिवशी जाऊन अपंगाच्या पेन्शनचा अर्ज आणला. ती पेन्शन मिळाली असती तर ह्यांची गोळी पुरी पोटात गेली असती. मला दुसरं काहीच नको होतं.

अर्ज गेला, दाखले गेले, शिक्के बसले. चौकशीला माणूस येईल म्हणाले. तो यायच्या आत दिवाळी आली.

आमच्यात पाडव्याला म्हशी सजवतात. शिंगं रंगवायची, त्यांना मोरपिसांचे तुरे बांधायचे, गळ्यात कवड्यांची माळ, पायात घुंगरू. मग हलग्या वाजवत म्हशी पेठेतनं फिरवायच्या, आणि मालक हाक मारतो तशी म्हस त्या गर्दीतनं वाट काढत त्याच्या मागं पळत येते. कुणाची म्हस कशी पळाली ह्यावर वर्षभर गप्पा चालतात. आमचे मालक दर पाडव्याला मोटरसायकलवर असायचे आणि त्यांची म्हस मागनं सुसाट. ह्या पाडव्याला आमचा गोठा गप्प राहणार, असंच सगळ्यांनी धरलं होतं. मला ते सोसलं नाही. मी दोन दिवस मशीन बंद ठेवली, म्हशीला घासून-पुसून तेल लावलं, जुन्या शालूचा काठ काढून तिच्यासाठी झूल शिवली. ह्यांना पांढरा सदरा घातला, फेटा बांधला. मुलगी आजऱ्याहून आली होती. ती म्हणाली, "आई, बाबा दमतील गं." मी म्हटलं, "दमू देत. पर जाणार."

दोघं निघाले. तसंच, एक पाऊल म्हशीचं, एक ह्यांचं. पेठेच्या चौकात आले आणि ह्यांनी हाक मारली, "हुर्र्यो हो!" तीच आवाजाची फेक, त्यात काहीसुद्धा कमी झालं नव्हतं. हलग्या थांबल्या. आणि मग जो गलका उठला, शिट्ट्या, टाळ्या! म्हातारे गवळी डोळे पुसत होते. मुलीनं मोबाईलवर ते सगळं टिपलं. त्या संध्याकाळी मी तो व्हिडिओ माझ्या स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, "आमचे मालक परत मैदानात." त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला होता तेवढा मुलीच्या लग्नातही झाला नव्हता. व्हिडिओ ह्याच्याकडनं त्याच्याकडं गेला, पेठेच्या ग्रुपवर गेला, अख्ख्या कोल्हापुरात फिरला. मी चहा करता करता येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते.

पंधरा दिवसांनी चौकशीला माणूस आला तो मोबाईलमध्ये तोच व्हिडिओ घेऊन. बाजेसमोर उभं राहून ह्यांना विचारायला लागला.

"हे तुम्हीच काय?"

"व्हय."

"म्हस तुमची?"

"व्हय."

"चालता-फिरता येतं म्हणजे?"

"व्हय," हे म्हणाले, आणि हा व्हय खरा होता. त्यांच्या डोळ्यात चमक आली होती.

मी सांगायला पाहिजे होतं. शांतपणानं सांगायला पाहिजे होतं की साहेब, बसा, चहा घ्या, म्हस सोडून दाखवते, मग बघा ते कसे चालतात. ते राहिलं बाजूला, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "डोळं हायत का गोट्या?" मी म्हणाले. "लोंबणारा हात दिसंना व्हय तुम्हाला?" तो लिहीत राहिला. म्हस किती दूध देते तेवढं विचारलं आणि गेला.

महिन्याभरात कागद आला. हे खुणेनं म्हणाले, वाच. मी वाचलं. "अर्जदार हा चालता-फिरता असून जनावरे पाळण्याचा व्यवसाय करीत असल्याचे निदर्शनास आल्याने अर्ज नामंजूर करण्यात येत आहे." आणि वर बघते तर हे हसत होते. लकव्यानंतर अर्धंच हसू यायचं त्यांना, पण ते अर्धं हसू कानापर्यंत पोचलं होतं. त्यांनी डावा हात पुढं केला, कागद घेतला, त्यावरच्या शिक्क्यावरनं बोट फिरवलं आणि परत माझ्या हातात दिला. परत वाच. मी परत वाचलं. "चालता-फिरता असून" एवढं ऐकलं की मान डोलवायचे. पुढचं काही ऐकतच नव्हते. मग तो कागद त्यांनी घडी करून उशीखाली ठेवला, गोळ्यांचे तुकडे ठेवायचे तिथं. मला हसावं का रडावं कळेना.

अपील करायचं असं मी ठरवलं. शाहूपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानात अर्ज टाईप करून देणारा एकजण बसतो, त्याच्याकडं गेले. सगळं सांगितलं. म्हशीला धरून उठतात, तिच्या आधारानं चालतात, तिच्याशिवाय पडतात. तो टाईप करायचा थांबला.

"वहिनी, असं लिवलं तर साहेब हसतील. म्हशीला धरून चालतोय म्हणं! वर म्हस हाय ते आपुनच कबूल केल्यागत."

"मग काय लिवू? खरं तेच हाय की."

"खऱ्याला कोण न्हाय म्हणतंय? पर चालतो म्हटलं की ते तिथंच थांबतात. एकच लिवू. अंथरुणातनं उठता येत न्हाय. सुटसुटीत."

माणूस वाईट नव्हता. त्यानं दहा जणांची कामं तशीच करून दिली होती, माझंही भलंच बघत होता. मी, जी मेथीच्या पेंडीवरनं अर्धा तास वाद घालते, ती तिथं एक अक्षर बोलले नाही. त्यानं "अर्जदारास अंथरुणातून उठता येत नाही" असं टाईप केलं आणि खाली मी घरी जाऊन ह्यांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवून आणला. निघताना तो म्हणाला, "परत चौकशी लागंल. म्हस दारात दिसाय नको बघा. आणि मालक चालताना तर अजिबात न्हाय."

माझा भाऊ नेसरीला शेती करतो. तो टेम्पो घेऊन आला. म्हशीला चढवायला फळी लावली, पण ती जागची हलेना. पुढनं ओढलं, मागनं ढकललं, ती चारी पाय रोवून उभी आणि बाजेकडं बघतेय. भाऊ घामाघूम झाला. शेवटी मी ह्यांच्याजवळ गेले. "चार दिवस चाऱ्याला जातीया नेसरीला," मी म्हणाले. "तुम्ही हाक मारा की. तुमचं ऐकंल ती."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. विश्वास होता त्यांचा माझ्यावर. माणसांशी काय बोलायचं ते हिला कळतं, असं त्यांनी लग्नापासून धरलं होतं. त्यांनी हाक मारली, "हुर्र्यो हो." आणि म्हस चढली हो. फळीवरनं ठाक ठाक पाय वाजवत चढली आणि वर जाऊन मान वळवून त्यांना शोधायला लागली. भावानं टेम्पोचा फाळका लावला. टेम्पो गल्लीच्या तोंडाला वळेपर्यंत तिचं ओरडणं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धारेची वेळ झाली तशी हे बाजेच्या काठावर येऊन बसले आणि रिकाम्या खुंट्याकडं बघत राहिले. तिसऱ्या दिवशी दाराची चौकट धरून उठायला बघितलं. मी मशीनवरनं उठून पळाले. समोरच्या माडीवर कुणीतरी मोबाईल घेऊन उभं होतं. आपलं बोलत असेल कुणाशी, पण त्या दिवसांत मला प्रत्येक मोबाईलची धास्ती बसली होती. "बसा गप!" मी ओरडले. "कोण बघितलं तर सगळं पाण्यात जाईल. चालायचं न्हाय, सांगून ठेवते!" हे चौकट सोडून बसले. असं बसले की मलाच कसंतरी झालं.

लगेच काही त्यांनी उठायचं सोडलं नाही. पुढं चार-पाच वेळा उठायला गेले. पण आधी माझ्याकडं बघायचे, आणि मी मान हलवायची. नको. मग बघायचंही बंद झालं. मी मनाची समजूत काढायची, सुनावणी होऊ दे, म्हस आणू, परत पहिल्यासारखं चालतील. चार महिन्यांची तर गोष्ट. सुनावणीची तारीख तीनदा पुढं गेली. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा सुट्टी, एकदा फाईलच सापडेना. दर वेळी मी ह्यांना सांगायची, "पुढच्या तारखेला होणार बघा," आणि ते म्हणायचे, "व्हय." तो खोटा व्हय होता. मला ओळखायला येत होता.

उन्हाळ्यात मुलगी आली. बापाचे पाय चेपायला बसली आणि चेपता चेपता थांबली. "आई, बाबांच्या पोटऱ्या कुठं गेल्या गं?" मी आत जाऊन भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी परत घासली. "चालवत न्हाईस व्हय तू त्यांना?" ती मागनं येऊन म्हणाली. मी तिच्यावर खेकसले, की तुला काय माहीत इथं काय काय बघावं लागतं ते. ती रडत परत गेली. जाताना तिचं बरोबर होतं हे मला माहीत होतं आणि तरी मी तिला थांबवलं नाही.

शेवटी सुनावणी झाली. गल्लीतल्या चौघांनी ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून कचेरीचा जिना चढवला. मी घरातनं निघताना ठरवून आले होते की आज तोंड उघडायचं नाही. अपील ऐकणारे साहेब दक्षिणेकडचे असावेत, सीमेकडचे, बोलण्यात कानडी हेल होता. ते मला अक्का म्हणाले. फाईल उघडली. त्यात त्या व्हिडिओचा छापलेला फोटो लावला होता, नामंजुरीचा पुरावा म्हणून. साहेब बराच वेळ तो फोटो बघत राहिले. मला वाटलं, संपलं.

"अक्का, ही म्हस तुमचीच काय?"

"व्हय साहेब."

"आमच्या घरात पण म्हशी होत्या," ते म्हणाले. "अशी मान वाकडी करून म्हस कधी चालत नसती. बघा, हिनं सगळा भार अंगावर घेतलाय. ही त्यांच्या मागनं चालत न्हाय, ही त्यांना घेऊन चाललीया. हे कुणाला दिसलं न्हाय होय?"

मी वाकून फोटोकडं बघितलं.

मग त्यांनी माझा अपिलाचा कागद बघितला. "आणि इथं लिहिलंय, अंथरुणातनं उठता येत न्हाय." त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. खुर्चीत कलंडलेले, वाळलेले पाय एकाला एक चिकटलेले. "म्हस कुठं हाय आता?"

"पाठवली. नेसरीला, भावाकडं."

"कशाला पाठवलीसा, अक्का?" ते म्हणाले. रागानं नव्हे. घरातल्या माणसानं विचारावं तसं विचारलं. "हे जसं हाय तसं लिहून आणलं असतं तरी मी मंजूर केलं असतं. म्हस धरून चालायला लागणारा माणूस अपंग न्हाय तर कोण?"

आणि सही केली. तेवढंच. बाहेर आल्यावर चौघेजण मला म्हणाले, "काकी, जिंकलासा की!" मी भिंतीला टेकून उभी राहिले. एवढ्या वर्षांत मी कुणाकुणाशी भांडले असेन, दूधवाल्या सोसायटीशी, नगरसेवकाशी, व्याह्यांशी. आणि जिथं चार खरी वाक्यं सरळ सांगायची होती तिथं मी गप्प बसले होते. मला असं वाटत होतं की कुणीतरी मला थोबाडात द्यावी. हे खुर्चीत बसून माझ्याकडं बघत होते.

त्याच आठवड्यात भावाला सांगून म्हस आणवली. टेम्पोतनं उतरली ती दावं हिसकून थेट बाजेपाशी गेली. ह्यांचा चेहरा असा फुलला की माझ्या जिवात जीव आला. तिनं मान खाली घातली. ह्यांनी डावा हात तिच्या मानेवर टाकला, दावं मुठीत धरलं. तिनं हळूहळू मान वर उचलली. मूठ ताणली, हात ताणला, आणि मग मूठ सुटली. पायांनी काही साथ दिली नाही. ती थांबली, परत मान खाली घातली. परत तेच. तिसऱ्यांदा ह्यांनी हात वरच केला नाही, नुसता तिच्या कपाळावर ठेवला. फिजिओथेरपीवाले येऊन बघून गेले. सांधे धरलेत म्हणाले, स्नायू गेलेत, आता फार आशा धरू नका.

म्हस अजूनही सकाळी सोडली की आधी बाजेपाशी जाते, मान खाली घालून उभी राहते. मी तिला ओढत नाही. तिचं तिला कळलं की जाते हौदाकडं.

पेन्शन सुरू झाली. गोळ्या आता पुऱ्या जातात पोटात, कुणी अर्ध्या करत नाही. मंजुरीचा कागद पोस्टानं आला तेव्हा ह्यांनी खुणेनं सांगितलं, वाच. मी उघडला. त्यात लिहिलं होतं, "अर्जदारास कायमस्वरूपी अंथरुणातून उठता येत नसल्याने..." माझंच वाक्य. मीच लिहून दिलेलं, आणि मीच खरं करून दाखवलेलं. हे माझ्या तोंडाकडं बघत वाट बघत होते.

मी तो कागद कमरेला खोवला. त्यांच्या उशीखाली हात घातला, घडीवर फाटायला आलेला जुना कागद काढला, आणि त्यांच्यासमोर बसून मोठ्यानं वाचायला लागले.

"अर्जदार हा चालता-फिरता असून..."

"व्हय," हे म्हणाले.